प्रभारी असावा तर मेनन यांच्यासारखा

अमेरिकन विद्यापीठांचं नवं वर्ष ऑगस्टच्या सुमारास सुरू होतं आणि ‘एरोस्पेस विभागाला इंटरिम हेड’ अशा चार ओळींच्या बातम्या त्याच्या आगेमागे येत राहतात. आधीचे प्रमुख डीन झालेले असतात, दुसरीकडे गेलेले असतात किंवा खुर्चीला कंटाळून प्रयोगशाळेत परतलेले असतात. आपला वाचक बातमी वाचतो आणि म्हणतो, म्हणजे आपल्याकडचे प्रभारीच की!

तसं नाही. तिथे हंगामी प्रमुख नेमला, की डीन शोधसमितीही बसवतो. जाहिरात, मुलाखती, उमेदवाराचं विभागासमोर व्याख्यान, मग पगार आणि प्रयोगशाळेच्या पैशांवरून घासाघीस, यात वर्ष सहज जातं. हंगामी माणसाने स्वतः अर्ज करू नये, असा संकेत पुष्कळ ठिकाणी आहे. खुर्चीत बसलेलाच स्पर्धेत उतरला, तर बाहेरचे चांगले लोक फिरकत नाहीत. तोवर वर्ग चालतात, पीएचडीवाल्यांचं विद्यावेतन निघतं. अडतं ते मोठ्या निर्णयांवर. नवा विंड टनेल पुढची काही दशकं विभागाच्या गळ्यात राहणार. वर्षभराच्या पाहुण्याने त्यावर सही करावी का, हा प्रश्न रास्तच आहे.

पुण्यात काय झालं ते आठवा. मे २०२२ मध्ये पुणे विद्यापीठाचे कुलगुरू नितीन करमळकर यांची मुदत संपली. मुदत संपणार हे नेमणुकीच्या दिवशीच ठाऊक असतं, तरी नवे कुलगुरू सुरेश गोसावी रुजू व्हायला जून २०२३ उजाडला. मधलं वर्षभर लोणेरे येथील तंत्रशास्त्र विद्यापीठाचे कुलगुरू कारभारी काळे दोन्ही विद्यापीठांचा भार वाहत होते. दोष त्यांचा नाही. पुढचा माणूस कधी येणार, हे ठाऊक नसताना कोण कशात हात घालील?

पण हंगामी म्हणजे फक्त फायलींवर शेरे, हेही मला पटत नाही. ३० डिसेंबर १९७१ रोजी इस्रोचे अध्यक्ष विक्रम साराभाई गेले. इंदिरा गांधींना त्यांच्या जागी सतीश धवन हवे होते. धवन १९५५ पासून बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एरोनॉटिकल विभागाचे प्रमुख, १९६२ पासून संस्थेचेच संचालक. त्या वेळी मात्र कॅलटेकमध्ये रजेवर. संचालकपद सोडणार नाही आणि अंतराळ कार्यक्रमाचं मुख्यालय बंगळुरूला हवं, या त्यांच्या अटी. त्या मान्य होऊन ते परतेपर्यंत इस्रो सांभाळली एम. जी. के. मेनन यांनी, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं (टीआयएफआर) संचालकपद चालू ठेवून. जानेवारी ते सप्टेंबर १९७२, जेमतेम नऊ महिने. एवढ्यात अंतराळ आयोग आणि अंतराळ विभाग स्थापन झाले आणि पहिल्या भारतीय उपग्रहाच्या प्रक्षेपणासाठी सोव्हिएत संघाशी करारही झाला. मेनन यांच्याकडेही दोन खुर्च्या होत्या, पण आपल्यामागून कोण येणार आहे हे दिल्लीत ठरलेलं होतं, आणि येणाऱ्याला अडचणीचं ठरेल असं काही होत नव्हतं.

आर्यभट १९ एप्रिल १९७५ रोजी अवकाशात गेला तेव्हा इस्रोचे अध्यक्ष धवन होते. मेनन यांचं नाव त्या गोष्टीत सहसा कोणी घेत नाही.