आग्र्याची हवा आणि आग्र्याचा पाहुणा

महाराष्ट्रांतील सुशिक्षित कुटुंबांत उत्तरेच्या यात्रेची आंखणी सुरू झाली, कीं काशी-प्रयागाच्या पाठोपाठ आग्र्याचें नांव निघाल्यावांचून राहत नाहीं. वडील मंडळींस या नांवाबरोबर १६६६ सालचें शिवछत्रपतींवरील संकट व त्यांतून झालेली त्यांची सुटका आठवते. मुलांस आठवतो तो ताजमहाल. ज्या मुमताजमहालासाठीं ही वास्तु उभी राहिली, तिचा अंत १६३१ सालीं तापीकांठच्या बऱ्हाणपुरास झाला आणि तिचें पहिलें दफनही तेथेंच झालें. तेव्हां आपल्या खानदेशाकडील लोकांस तर हें शहर अगदींच परकें वाटण्याचें कारण नाहीं.

आमच्या घरांतून या शहरास दोन वेळां जाणें झालें. पहिल्या वेळीं, १९७३ सालच्या माघ महिन्यांत, आमचे तीर्थरूप नाना, मातोश्री आणि आजी अशीं तिघें गेलीं होतीं. स्टेशनाजवळच्या धर्मशाळेंत त्यांनीं तीन रात्री मुक्काम केला, एकच टांगेवाला तिन्ही दिवसांसाठीं ठरविला, आणि किल्ला, सिकंदरा, इतिमादुद्दौल्याची कबर हें सारें सावकाश पाहिलें. पौर्णिमेच्या चांदण्यांत ताज पाहून आजी बराच वेळ कांहींच बोलल्या नाहींत, ही गोष्ट नाना अद्यापि सांगतात.

दुसरी खेप गेल्या कार्तिकांतली. मोठीं सात माणसें व दोन मुलें मिळून आम्ही दिल्लीहून भाड्याच्या मोटारीनें पहाटे निघालों आणि रात्रीं जेवणाच्या वेळेस दिल्लीस परत आलों. ताजच्या मुख्य दरवाज्याच्या कमानींतून आंत पाऊल टाकलें तों समोर राखी रंगाचें धुरकें पसरलेलें; त्यांत घुमट असा दिसत होता, कीं जणूं ओल्या पाटीवर कोणीं खडूनें काढून अर्धवट पुसून टाकला आहे. धाकट्या पुतण्यानें विचारलें, “काका, पुस्तकांतला ताज पांढरा आहे, हा असा मळकट कां?” त्या वेळीं त्यास नीट उत्तर देतां आलें नाहीं. तें उत्तर शोधतांना जें हातीं लागलें, तें वाचकांपुढें ठेवावें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

संगमरवर म्हणजे रसायनशास्त्राच्या भाषेंत कॅल्शियम कार्बोनेट. चुनखडीच्याच गोत्रांतला दगड. कोळसा जळतांना त्यांतील गंधकापासून सल्फर डायऑक्साइड नांवाचा वायु निघतो. हवेंतील ओलाव्याशीं व प्राणवायूशीं त्याचा संयोग होऊन गंधकाम्ल तयार होतें, आणि तें दगडावर बसलें म्हणजे त्याच्या पृष्ठभागाचें हळूहळू जिप्समांत रूपांतर होतें. जिप्सम दगडाला धरून राहत नाहीं. त्याचे पापुद्रे सुटतात. मथुरेस तेलशुद्धीचा मोठा कारखाना काढण्याचें ठरलें, तेव्हां ही भीति प्रथम मोठ्या प्रमाणावर व्यक्त झाली. त्या वेळीं डॉ. वरदराजन यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीनें असें दाखवून दिलें, कीं मथुरेचा धूर अद्यापि यावयाचा आहे, परंतु आग्र्याचीं वीजकेंद्रें, रेल्वेचीं यार्डें व बिडाच्या ओतकामाच्या भट्ट्या यांचा धूर आजच ताजच्या अंगावर येत आहे. मथुरेचा कारखाना १९८२ सालीं सुरू झाला. १९८४ सालीं विधिज्ञ एम. सी. मेहता यांनीं सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला, आणि ३० डिसेंबर १९९६ रोजीं त्याचा तो प्रसिद्ध निकाल लागला.

न्यायालयानें २९२ कारखान्यांस आज्ञा केली, कीं त्यांनीं कोळसा सोडून नैसर्गिक वायु वापरावा, नाहीं तर ताजच्या भोंवतालच्या राखीव टापूबाहेर स्थलांतर करावें. हा टापू सुमारें १०,४०० चौरस किलोमीटरांचा आहे. त्यांत आग्रा, मथुरा, फिरोजाबाद व राजस्थानांतील भरतपूर इतका प्रदेश येतो. आपल्या घरीं हळदीकुंकवाच्या निमित्तानें ज्या काचेच्या बांगड्या भरल्या जातात, त्यांपैकीं पुष्कळ फिरोजाबादच्या भट्ट्यांतून निघतात. त्या भट्ट्यांनाही हा नियम लागू झाला. ज्यांना वायूची जोडणी मिळाली व नव्या भट्टीचा खर्च झेपला ते तगले. ज्यांना तो झेपला नाहीं त्यांचीं दारें बंद झालीं. कामगारांच्या हक्कांविषयीं व भरपाईविषयींही निकालांत आदेश होते. परंतु जो मनुष्य जन्मभर बिडाचा रस सांच्यांत ओतीत आला, त्याच्या हातचें कौशल्य कोणत्याही भरपाईनें दुसऱ्या धंद्यांत नेतां येत नसतें. पेठा करणाऱ्या हलवायांचीही तीच गत झाली. कोहळ्याच्या फोडी चुन्याच्या निवळींत भिजवून, उकडून, साखरेच्या पाकांत मुरविण्याचें हें काम तासन् तास आंच मागणारें. त्यांच्या कोळशाच्या चुलींवरही बंदी आली.

निकाल चुकीचा होता असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. ताज एकच आहे, आणि जो धूर दगडाला खातो तोच आग्र्याच्या लेकरांच्या छातींतही जातो. परंतु एका शहरानें साऱ्या जगाच्या ठेव्यासाठीं आपल्या भट्ट्या विझविल्या, ही गोष्ट विसरतां येणार नाहीं. पादत्राणांचा मोठा धंदा सोडला, तर त्या शहरास आतां मुख्य भरंवसा उरला तो पाहुण्यांचा. आणि नेमका तो पाहुणाच पुढील वीस-पंचवीस वर्षांत बदलला.

पूर्वीं दिल्लीहून आग्र्यास जाऊन त्याच दिवशीं परत येणें अशक्य होतें असें नव्हे. तशा आगगाड्या होत्याच. तथापि २०१२ च्या ऑगस्टमध्यें यमुना द्रुतगति महामार्ग खुला झाला आणि ग्रेटर नोएडापासून आग्र्यापर्यंतचें १६५ किलोमीटरांचें अंतर मोटारीला कांहींच वाटेनासें झालें. २०१६ च्या एप्रिलांत गतिमान एक्सप्रेस सुरू झाली. ती दिल्लीहून आग्र्यास सुमारें शंभर मिनिटांत पोंचविते. २०१८ च्या एप्रिलपासून ताजच्या आवारांत एका तिकिटावर तीन तासांहून अधिक थांबतां येत नाहीं. पुढें मार्च २०२० मध्यें महामारीमुळें ताजचे दरवाजे बंद झाले, ते सप्टेंबरांत उघडले. त्यानंतर देशी प्रवासी लौकर परतला. परदेशी प्रवासी मात्र सावकाशीनें येऊं लागला. अलीकडे वर्षाकाठीं ६० लाखांहून अधिक लोक ताज पाहतात, पण त्यांत परदेशी मनुष्य दहांत एकाच्या आसपासच असतो.

देशबांधव अधिक येतात हें आनंदाचेंच आहे. परंतु त्याचा अर्थव्यवहार कसा पडतो, हें आमच्या वहिनींच्या हिशेबाच्या वहीनें आम्हांस दाखविलें. प्रवासाहून परतल्यावर त्या नित्याप्रमाणें खर्च मांडूं लागल्या. मोटारीचें भाडें गेलें दिल्लीच्या मालकास. रस्त्याचा टोल गेला रस्त्याच्या कंपनीस. दुपारचें जेवण झालें महामार्गावरील उपाहारगृहांत, आणि सकाळचे ठेपले तर घरूनच नेलेले. ताजच्या प्रवेशाचे ५० व मुख्य कबरीपर्यंत जाण्याचे २०० असे माणशीं २५० रुपये, म्हणजे सात जणांचे १,७५० झाले. पंधरा वर्षांखालील मुलांस तिकीट नाहीं. या रकमेंतील बहुतेक भाग पुरातत्त्व खात्याचा. आग्रा विकास प्राधिकरणाकडे जातात ते माणशीं १० रुपये, म्हणजे आम्हां साऱ्यांचे मिळून ७०! परदेशी प्रवाशाच्या ११०० रुपयांच्या तिकिटांतून याच प्राधिकरणास ५०० रुपये मिळतात. म्हणजे शहराच्या त्या तिजोरीच्या दृष्टीनें एक परदेशी पाहुणा जाऊन पन्नास देशी पाहुणे आले, तेव्हां कोठें बरोबरी होते. खुद्द आग्र्याच्या माणसांच्या हातीं आमच्याकडून पडलें तें काय? विजेच्या रिक्षाचें भाडें, नऊ कप चहा आणि पेठ्याचे दोन पुडे. वहिनी वही मिटीत म्हणाल्या, “आपण त्यांच्या दारांत जाऊन आलों, पण त्यांच्या घरीं कांहीं ठेवून आलों नाहीं.”

ताजच्या दक्षिणेस ताजगंज नांवाची जुनी वस्ती आहे. तेथें संगमरवरांत रंगीत दगड बसविणारे, म्हणजे पच्चीकारीचें काम करणारे कारागीर राहतात. एका कारागिराच्या दारांत आम्ही दहा मिनिटें उभे होतों. अकीकाचा नखाएवढा तुकडा तो फिरत्या चाकावर घांसून त्याची पाकळी करीत होता. अशा अनेक पाकळ्यांचें एक फूल, आणि अशा फुलांची एक वेल. पूर्वींचे पाहुणे मुक्कामास असत, दुसऱ्या दिवशीं पुन्हां येऊन बसत व मेजाचा एखादा तक्ता सांगून जात. आतांचे बहुतेक घाईंत असतात व फ्रिजला चिकटवावयाचें चुंबकी चित्र केवढ्याला तेवढें विचारतात, असें त्याच्या बोलण्यांत आलें. आम्हीही घाईंतच होतों. आमची मोटार उभी होती.

आतां हवेकडे पुन्हां वळूं. भट्ट्या विझल्या तरी धुरकें कां गेलें नाहीं? आय. आय. टी. कानपूर, अमेरिकेंतील विद्यापीठें व पुरातत्त्व खातें यांच्या संशोधकांनीं २०१४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें आढळलें, कीं ताजला आलेल्या तपकिरी झांकेचें कारण मुख्यतः हवेंतील धूळ व जळणापासून निघणारे कार्बनचे कण हें आहे. हे कण मोटारींतून निघतात, लांकडांच्या व गोंवऱ्यांच्या चुलींतून निघतात, आणि रस्त्यावर कचरा पेटविल्यानेंही निघतात. पुरातत्त्व खातें १९९४ सालापासून अनेक वेळां या दगडास मुलतानी मातीचा लेप देत आलें आहे. आपल्या घरांत मुली चेहऱ्यास लावतात तीच ही माती. ती मळ शोषून घेते, परंतु नवा मळ येण्याचें थांबवीत नाहीं. २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें याच उपेक्षेबद्दल सरकारची कडक शब्दांत कानउघाडणी केली. ताजपासून ५०० मीटरांच्या आंत पेट्रोल-डिझेलच्या गाडीस मज्जाव आहे; पण त्या सीमेच्या बाहेर ज्या शेंकडों मोटारी उभ्या असतात, त्या पाहुण्यांच्याच होत. आमचीही त्यांतच होती.

यांत ऋतूचीही एक विपरीत गोष्ट आहे. आग्र्याचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च. याच हंगामाच्या आरंभीं पंजाब-हरयाणांत भाताचे खुंट जाळतात. आणि थंडी पडली, कीं जमिनीलगतची हवा गार व वरची उबदार राहून पातेल्यावर झांकण ठेवल्यासारखा सारा धूर खालींच कोंडतो. ज्या महिन्यांत शहरानें वर्षाची कमाई करावयाची, त्याच महिन्यांत तें धुरक्यांत बुडालेलें असतें. २०१७ च्या नोव्हेंबरांत दाट धुरक्यामुळें त्या महामार्गावर अनेक मोटारी एकमेकींवर आदळल्या. धुराच्या वार्ता ऐकून मुक्काम करणारा पाहुणा बिचकतो. जो येतो तो तीन तासांत पाहून निघून जातो. आणि जातांना त्याची मोटार आणखी थोडा धूर मागें ठेवते. कचरा पेटविणें थांबविणें, गरिबाच्या चुलीस परवडेल असा वायु देणें आणि खुंट जाळण्यास शेतकऱ्यास दुसरा मार्ग दाखविणें हीं कामें सरकारचीं व नगरपालिकेचीं आहेत, आणि तीं त्यांच्याकडून करून घेतलींच पाहिजेत. परंतु पाहुण्याची वर्तणूक ही आपल्या हातची गोष्ट आहे.

जाणाऱ्या मंडळींनीं आगगाडीनें जावें. निदान एक रात्र, शक्य तर दोन रात्री आग्र्यांत काढाव्या. धुरकें बरेंच निवळतें असा माघ-फाल्गुनाचा काळ निवडावा. ताज शुक्रवारीं बंद असतो हें ध्यानांत ठेवावें. सुरक्षेच्या कारणास्तव १९८४ सालीं बंद झालेलें रात्रीचें दर्शन २००४ पासून पुन्हां मिळतें. पौर्णिमेची रात्र, तिच्या आधींच्या दोन व नंतरच्या दोन, अशा पांच रात्रीं तें असतें, शुक्रवार व रमजानचा महिना वगळून. जेवण शहरांत करावें, आणि एखादी वस्तु घ्यावयाची तर ज्यानें ती घडविली त्याच्याच हातून घ्यावी.

हा सारा हिशेब आम्ही नानांस वाचून दाखविला. ते आतां फार चालूं शकत नाहींत. त्यांनीं ऐकून घेतलें आणि इतकेंच विचारलें, “चांदण्यांत पाहिलात का?” पाहिला नव्हता. पुढील माघाच्या पौर्णिमेसाठीं वहिनींनीं वहीचें नवें पान उघडलें आहे. त्यांत पहिली नोंद आगगाडीच्या तिकिटांची आहे, दुसरी दोन रात्रींच्या मुक्कामाची, आणि तिसऱ्या ओळींत ताजगंजांतील त्या कारागिराकडून घ्यावयाच्या एका लहानशा तबकाची.