प्राणहिता : एकशे तेरा किलोमीटरची नदी, विस्तीर्ण खोऱ्याचे नाव

दोन नद्या एकत्र आल्या की मोठीचे नाव पुढे चालते आणि लहानीचे नाव संगमापाशी थांबते, हा नद्यांच्या नामकरणातील सर्वसाधारण प्रघात असला, तरी गडचिरोली जिल्ह्यातील चपराळ्याजवळ तो मोडतो. मध्य प्रदेशात मुलताईच्या परिसरात उगम पावणारी वर्धा आणि सिवनी जिल्ह्यातून येणारी वैनगंगा या दोन्ही दीर्घ नद्या येथे आपापली नावे सोडतात आणि त्यांचा संयुक्त प्रवाह प्राणहिता या तिसऱ्याच नावाने दक्षिणेकडे निघतो. महाराष्ट्र आणि तेलंगणा यांची सीमा आखत सुमारे 113 किलोमीटर वाहिल्यानंतर ही नदी सिरोंचापाशी गोदावरीला मिळते. अनेक प्रवाह एकत्र येऊन नवे नाव धारण करतात, याचे महाराष्ट्रातील दुसरे ठळक उदाहरण म्हणजे कोल्हापूरची पंचगंगा होय.

नावाची घटना संस्कृत आहे. ‘हित’ हा शब्द उत्तरपदी असलेले समास संस्कृत व्याकरणात चतुर्थी तत्पुरुष मानले जातात, म्हणजे त्यांत पूर्वपदाचा संबंध ‘च्यासाठी’ या अर्थाने जोडला जातो. ‘गोहित’ म्हणजे गाईंना हितकर, तसे ‘प्राणहित’ म्हणजे प्राणांना, अर्थात जीवनाला हितकर. नदी हा शब्द स्त्रीलिंगी असल्यामुळे या विशेषणाचे ‘प्राणहिता’ असे रूप झाले. मराठीत ते आकारान्त राहते आणि विभक्ती लागताना ‘प्राणहितेचे’, ‘प्राणहितेत’ असे चालते, तर पैलतीरावरील तेलुगू भाषेत अन्त्य स्वर ऱ्हस्व होऊन ‘प्राणहित’ असे लिहिले जाते. ‘प्रणीता’ हे याच्याशी मिळतेजुळते असले तरी अर्थाने वेगळे रूपही आढळते. यज्ञासाठी विधिपूर्वक आणून ठेवलेल्या जलाला आणि त्याच्या पात्राला प्रणीता म्हणतात, आणि ब्रह्मपुराणातील गोदावरीच्या माहात्म्यात प्रणीतासंगम या नावाचे तीर्थ येते. नामसादृश्यामुळे त्याचा संबंध या नदीशी जोडला जातो.

प्रवाह लांबीने तोकडा असला, तरी त्याच्यामागचे क्षेत्र फार मोठे आहे. पैनगंगा आधीच वर्धेला मिळालेली असते आणि पेंच नदीचे पाणी कन्हानमार्गे वैनगंगेत आलेले असते. त्यामुळे तापीच्या खोऱ्यात मोडणारा पश्चिमेकडील भाग वगळता विदर्भाच्या बहुतांश भूभागाचे पाणी अखेर या एका पात्रात उतरते. प्राणहितेचे पाणलोट क्षेत्र, म्हणजे जेथील पावसाचे पाणी वाहून या नदीत येते तो प्रदेश, सुमारे 1,09,000 चौरस किलोमीटर आहे. गोदावरीच्या एकूण खोऱ्याचा हा तिसऱ्या हिश्शाहून थोडा अधिक भाग असून तिच्या उपनद्यांमध्ये हे क्षेत्र सर्वांत मोठे ठरते.

भूशास्त्रात ‘प्राणहिता–गोदावरी खोरे’ ही संज्ञा आणखी जुन्या काळाकडे नेते. गोंडवन या प्राचीन महाखंडाचा भूभाग खचून तयार झालेल्या खोलगट पट्ट्यात गाळाचे जे थर साचले, त्यांना ही संज्ञा लावली जाते. सिरोंचाजवळच्या कोटा या गावावरून त्यांतील ज्युरासिक काळातील थरांना ‘कोटा शैलसमूह’ हे नाव मिळाले. याच शैलसमूहात सापडलेल्या अवाढव्य शाकाहारी डायनोसॉरचे वर्णन 1975 मध्ये ‘बारापासॉरस टागोराय’ या नावाने प्रसिद्ध झाले. सिरोंचा तालुक्यातच वडधम येथील जीवाश्म उद्यानात अश्मीभूत वृक्षांचे अवशेष पाहता येतात.

सिरोंचा हे आज तालुक्याचे आडबाजूचे ठाणे वाटत असले, तरी 1860 मध्ये स्थापन झालेल्या अप्पर गोदावरी जिल्ह्याचे ते मुख्यालय होते. 1874 मध्ये तो जिल्हा चांदा जिल्ह्यात विलीन झाला. वऱ्हाडचा कापूस गोदावरीमार्गे समुद्रापर्यंत नेण्यासाठी जलमार्ग विकसित करण्याची योजनाही त्याच काळातली, परंतु पात्रातील खडकांच्या अडथळ्यांवर खर्च होऊनही ती 1871 मध्ये सोडून देण्यात आली.

समोरच्या तीरावरील काळेश्वर येथे एकाच पीठावर दोन शिवलिंगे असलेले काळेश्वर-मुक्तेश्वर मंदिर आहे. गुरू मीन राशीत प्रवेश करतो तेव्हा, म्हणजे सुमारे बारा वर्षांतून एकदा, बारा दिवस चालणारे प्राणहिता पुष्कर हे स्नानपर्व भरते. 2022 च्या एप्रिलमध्ये ते दोन्ही तीरांवर पार पडले.

आधुनिक व्यवहारातही हे नाव पात्राबाहेर गेलेले दिसते. अहेरीच्या पोलीस उपमुख्यालयाला, तेलंगणातील काळवीटांसाठी प्रसिद्ध असलेल्या अभयारण्याला आणि चेवेळ्यापर्यंत पाणी नेण्यासाठी आखलेल्या सिंचन योजनेलाही ‘प्राणहिता’ हेच नाव मिळाले. त्या योजनेची फेरआखणी होऊन पुढे काळेश्वरम प्रकल्प उभा राहिला आणि त्याचा मेडीगड्डा बंधारा प्राणहिता-गोदावरी संगमाच्या खाली बांधला गेला. त्यामुळे एखाद्या लेखात वा नकाशात हे नाव आढळले, तर 113 किलोमीटरचा प्रवाह, विदर्भ व्यापणारे पाणलोट की भूशास्त्रीय खोरे, यांपैकी काय अभिप्रेत आहे ते संदर्भावरूनच ठरवावे लागते.