वाणिज्य दूतावासाच्या उंबऱ्यावर पोलीस का थांबतात?

तळोज्याच्या एमआयडीसीतल्या एखाद्या गोदामात चोरीचा माल असल्याची खबर लागली, की पोलीस दोन पंच घेऊन जातात, झडती घेतात, पंचनामा करतात. मालकाला विचारत बसत नाहीत. तोच माल मुंबईतल्या एखाद्या परदेशी वाणिज्य दूतावासात असल्याचं कळलं, तर मात्र त्यांना दाराबाहेर थांबावं लागतं.

ती जागा परक्या देशाची असते, असा आपला समज. तो चुकीचा आहे. जमीन भारताची आणि कायदाही भारताचाच. पोलिसांना अडवतो तो १९६३ चा व्हिएन्ना करार. त्याचं ३१वं कलम सांगतं, की दूतावासाच्या कामकाजाच्या भागात प्रमुखाच्या संमतीशिवाय शिरायचं नाही. आग लागली तर संमती गृहीत धरावी. इस्तंबूलच्या सौदी वाणिज्य दूतावासात २ ऑक्टोबर २०१८ रोजी पत्रकार जमाल खशोगी यांची हत्या झाली. तुर्की पोलिसांना आत पाऊल टाकायला १५ ऑक्टोबर उजाडला, तेही सौदीनं होकार दिल्यावर.

इमारतीचं हे कवच अधिकाऱ्याच्या अंगावर मात्र तोकडं पडतं. न्यूयॉर्कमधल्या भारताच्या उपमहावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना १२ डिसेंबर २०१३ रोजी अटक झाली. घरकाम करणाऱ्या महिलेच्या व्हिसासाठी खोटी माहिती दिल्याचा आरोप होता. कोठडीत त्यांची कपडे उतरवून झडती घेतली गेली. वाणिज्य अधिकाऱ्याला संरक्षण सरकारी कामापुरतंच, असं अमेरिकेचं म्हणणं. कराराचं ४१वं कलम खटल्याआधीच्या अटकेला मनाई करतं, पण ‘गंभीर गुन्हा’ वगळून. आणि गंभीर कशाला म्हणायचं, ते करारात लिहिलेलं नाही. वादाची ठिणगी तिथेच.

भारताचा निषेध कागदावर थांबला नाही. दिल्लीतल्या अमेरिकी दूतावासासमोरचे बॅरिकेड १७ डिसेंबरला हटवले गेले, अमेरिकी वाणिज्य अधिकाऱ्यांची ओळखपत्रं परत मागवली गेली. खोब्रागडे यांची बदली संयुक्त राष्ट्रांतल्या भारतीय कार्यालयात झाली, तिथे पूर्ण संरक्षण मिळालं आणि जानेवारी २०१४ मध्ये त्या मायदेशी आल्या.

हा करार फक्त साहेबांसाठी आहे, असं मात्र समजू नये. त्याचं ३६वं कलम तळोजा कारागृहात येणाऱ्या परदेशी कच्च्या कैद्यालाही लागू आहे: त्यानं मागणी केली, तर त्याच्या दूतावासाला कळवावंच लागतं. पाकिस्तानच्या तुरुंगातल्या कुलभूषण जाधव यांच्यासाठी भारत हेच कलम घेऊन हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १७ जुलै २०१९ रोजी १५ विरुद्ध १ मतांनी निकाल लागला: पाकिस्ताननं करार मोडला.