दोष अंतराचा की सर्व्हरच्या घडणीचा?

जाफराबाद तालुक्यातल्या टेंभुर्णीत बसून मुंबईतल्या क्लाउड सर्व्हरवर गेम सुरू केला आणि पडदा काळाच राहिला, की खापर अंतरावर फुटतं. हिशेब मात्र वेगळं सांगतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. केबल ५०० किलोमीटरची धरली तरी जाऊन-येऊन ५ मिलिसेकंद. सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या गेमचं एकेक चित्र सुमारे १७ मिलिसेकंद टिकतं, म्हणजे अंतराचा उशीर एका चित्राइतकाही नाही. खरं कारण बहुधा क्लाउड सर्व्हरवर चालणाऱ्या विंडोज सर्व्हर प्रणालीच्या घडणीत असतं. ही प्रणाली फाइली आणि डेटाबेस सांभाळण्यासाठी बनलेली. तिथे ना मॉनिटर, ना स्पीकर. ऑडिओ सेवा सहसा बंदच असते, ती चालू करावी लागते. सर्व्हर दुरून हाताळायच्या रिमोट डेस्कटॉपची खिडकी बंद करताच सत्र लॉक होतं आणि गेम पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरला टिपायला चित्रच उरत नाही. त्यावर उपाय म्हणजे आभासी डिस्प्ले बसवून सत्र कन्सोलकडे, म्हणजे सर्व्हरच्या स्वतःच्या पडद्याकडे वळवणं.

मग गेम अडखळतो तो का, ही शंका रास्त आहे. तिथे दोष नेटवर्कचा असू शकतो: वायफाय कमकुवत असेल किंवा मोबाइल टॉवरवर गर्दी असेल, तर डेटा उशिरा पोचतो. पण काळा पडदा आणि गायब आवाज महागड्या इंटरनेटने सुटत नाहीत. म्हणून आधी लक्षण ओळखावं, मगच खिशात हात घालावा.