जुन्या मोटारीचे इशाऱ्याचे दिवे व त्यांमागील दोषांक

द्राक्षांची तोडणी सुरू झाली म्हणजे नाशिक जिल्ह्यांतील शेतकऱ्याच्या जुन्या पिकअप गाडीस उसंत मिळत नाहीं. सकाळीं मजूर, दुपारीं क्रेट, आणि मग पिंपळगांव किंवा लासलगांवच्या बाजारास कांदा, असा तिचा क्रम चालतो. दोन लक्ष किलोमीटर धावलेल्या अशा गाड्यांच्या डॅशबोर्डवर एखादा पिवळा दिवा महिनोन्‌महिने लागलेला आम्हीं पाहिला आहे. कोणी त्यावर काळी चिकटपट्टी लावून मोकळा होतो. कोणी घाबरून मिस्त्री सांगेल तो भाग बदलतो, आणि आठ दिवसांनीं तोच दिवा पुन्हा पाहतो. दोन्ही मार्ग नुकसानीचे आहेत. दिवा व त्यामागील दोषांक हे रोगाचें लक्षण तेवढें सांगतात. निदान आपणांसच करावें लागतें. त्यासाठीं काय पाहावें, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम रंग पाहावा. तांबडा दिवा म्हणजे गाडी थांबवा. पिवळा म्हणजे लौकर तपासा.

तांबड्यांत तेलाच्या किटलीचा दिवा सर्वांत घातक होय. त्याचा अर्थ तेल कमी झालें एवढाच, असा पुष्कळांचा समज आहे. वास्तविक तो तेलाचा दाब पडल्याचें सांगतो. इंजिन तत्काळ बंद करावें, गाडी सपाट जागीं कांहीं मिनिटें उभी ठेवावी व पट्टी ओढून तेलाची पातळी पाहावी. तेल कमी असेल तर भरून पाहावें. पातळी बरोबर असूनही दिवा विझत नसेल, तर पंप, बेअरिंगची झीज किंवा नुसता दाबाचा स्विच, यांपैकीं कांहींही असूं शकेल. स्विच स्वस्त व इंजिन महाग. म्हणून दाब मीटरनें मोजून होईपर्यंत गाडी ओढूनच न्यावी. ‘गांव दोन किलोमीटरवर तर आहे’ असें म्हणून पुढें हांकलेल्या गाडीचें बेअरिंग तेवढ्यांतच जळूं शकतें.

ब्रेकचा तांबडा दिवा हातब्रेक सोडूनही राहिला, तर ब्रेकतेलाची डबी पाहावी. पॅड झिजले म्हणजेही तेलाची पातळी उतरते. सबब नुसतें तेल भरून निश्चिंत होऊं नये. भाजीपाला भरून कसारा घाट उतरणाऱ्यानें तर हा दिवा लागला असतां इगतपुरीच्या पुढें जाऊंच नये. बॅटरीच्या चित्राचा दिवा चालत्या गाडींत लागला, तर दोष बहुधा बॅटरीचा नसून अल्टरनेटरचा किंवा त्याच्या पट्ट्याचा असतो. कित्येक इंजिनांत तोच पट्टा पाण्याचा पंप फिरवितो, म्हणून तापमानाच्या कांट्यावरही नजर ठेवावी.

आतां इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा. हा गाडींतील संगणकाचा दिवा होय. असें स्वतःचें निदान करणारें यंत्र प्रथम अमेरिकेंत कॅलिफोर्निया संस्थानानें १९८८ पासून सक्तीचें केलें, १९९६ पासून तेथील सर्व नव्या मोटारींस एकच पद्धत लागू झाली, आणि आपल्याकडे भारत स्टेज ४ च्या नियमांखालीं २०१३ च्या एप्रिलपासून तिचा दुसरा टप्पा आला. जुन्या यांत्रिक पंपाच्या डिझेल जीपांत संगणकच नाहीं, तेथें दोषांकही नाहींत. नव्या गाडींत चालकाच्या गुडघ्याजवळ सोळा टोंकांचें सॉकेट असतें. त्यांत स्कॅनर लावला कीं दोषांक दिसतात. मोबाईल फोनशीं जोडले जाणारे लहान स्कॅनर आतां स्वस्त मिळतात, आणि चार शेतकऱ्यांत मिळून एक घेतला तरी पुरतो.

दोषांकाची रचना सोपी आहे. पहिलें अक्षर पी असेल तर दोष इंजिन व गिअरकडे, बी असेल तर बॉडीकडे, सी असेल तर ब्रेक, स्टिअरिंग वगैरेकडे, आणि यू असेल तर संगणकांच्या परस्पर दळणवळणाकडे. पुढचा अंक शून्य असल्यास तो दोषांक सर्व कंपन्यांस सामाईक असतो, एक असल्यास त्या कंपनीचा स्वतःचा. त्यापुढील अंक दोष इंधन-हवेचा कीं ठिणगीचा कीं गिअरचा, तें सांगतो.

आमच्याच पिकअपवर पी ०३३५ हा दोषांक आला. तो क्रँकशाफ्टची गति मोजणाऱ्या सेन्सरविषयींचा आहे. गाडी चालतां चालतां बंद पडे. एका कारखान्यांत सेन्सर बदलून दिला, पैसे मोजून घेतले, आणि दुसऱ्या आठवड्यांत गाडी वणीच्या रस्त्यावर पुन्हा उभी राहिली. शेवटीं उघडून पाहातां सेन्सरच्या वायरीचें आवरण उंदरांनीं कुरतडलेलें आढळलें. गाडी रात्रीं कांद्याच्या चाळीपाशीं उभी असे. त्या दोषांकाच्या इंग्रजी नांवांत ‘सर्किट’ हा शब्द आहे, आणि सेन्सर, वायर, जोड व संगणक हीं सर्वच त्या सर्किटांत येतात. तो शब्द आम्हीं त्या वेळीं वाचला असता, तर एका सेन्सरची किंमत वांचली असती.

पी ००८७ ची गोष्टही अशीच आहे. कॉमन रेल डिझेल इंजिनांत इंधनाचा दाब हजार बारहून अधिक असतो. तो पुरेसा न भरल्यास हा दोषांक येतो, आणि पुष्कळ ठिकाणीं थेट पंपाचा किंवा इंजेक्टरचा खर्च सांगितला जातो. परंतु तुंबलेला डिझेल फिल्टर व नळींत शिरलेली हवा हीं कारणें आधीं पाहावयास हवींत. फिल्टरच्या तळाशीं सांचलेलें पाणी काढून टाकावें, आणि ड्रमांत साठविलेलें डिझेल गाळल्याशिवाय घालूं नये. आमच्या सातपूरच्या वसाहतींत, पूर्वीं मायको व २००८ पासून बॉश म्हणविणाऱ्या कारखान्यांत, डिझेलचे नोझल व इंजेक्टर तयार होतात. इतक्या बारीक कामाचे भाग पाण्याच्या थेंबानेंही खराब होतात.

थंडींत निफाडकडे पहांटे एकदम चार-पांच दिवे लागले, तर घाबरूं नये. बॅटरी निकामी होऊं लागली म्हणजे व्होल्टेज पडून अनेक खोटे दोषांक उमटतात. उभ्या गाडींत सुमारें १२.६ व चालू इंजिनावर १४ व्होल्टच्या आसपास मिळाले पाहिजेत. टोंकें घासून साफ करून अर्थिंगची वायर घट्ट करावी, मगच पुढें जावें.

एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज ६ च्या बहुतेक डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी जाळी असते. शेत ते गांव एवढ्याच फेऱ्या मारल्यास ती काजळी जळत नाहीं व तिचा पिवळा दिवा लागतो. तेव्हां धुळे रस्त्यावर वीसएक मिनिटें न थांबतां ताशीं साठाच्या वेगानें गाडी चालवावी. मात्र नेमका वेग पुस्तिकेंत पाहून घ्यावा. दुर्लक्ष झाल्यास इंजिनाची ताकद कमी होते व कारखान्याची वाट धरावी लागते.

पेट्रोल गाडींत इंजिनाचा दिवा लुकलुकूं लागला तर तो स्थिर दिव्यापेक्षां वाईट. ठिणगी चुकून न जळलेलें इंधन धूरनळींतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्यें जाऊन पेटतें व तो वितळतो. वेग ताबडतोब कमी करावा, आणि लुकलुक थांबत नसेल तर गाडी उभी करावी.

मिस्त्रीस दोषांक पुसूं देण्यापूर्वीं तो वहींत लिहून घ्यावा. दोष घडला त्या वेळचा वेग, तापमान व भार यांची नोंद संगणक ठेवतो. पुसल्यावर तीही जाते. दुरुस्ती खरी झाली असेल, तर सामान्यतः ओळीनें तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो.

जुनी गाडी विकत घेतांना चावी फिरवून, इंजिन सुरू करण्यापूर्वीं, हा पिवळा दिवा क्षणभर लागतो कीं नाहीं तें पाहावें. मुळींच लागत नसेल, तर बहुधा कोणीतरी तो काढून ठेवला आहे असें समजावें, आणि स्कॅनर लावल्याशिवाय सौदा करूं नये.