विधिपालन आणि आज्ञापालन : मराठी ख्रिस्ती परंपरेतील एक प्रश्न

मराठीत ‘ऐकणे’ ह्या क्रियापदाचे दोन अर्थ संभवतात. ‘मुलाने गाणे ऐकले’ येथे ते केवळ कानाचे काम आहे. ‘मुलगा आईचे ऐकतो’ येथे मात्र आज्ञापालन अभिप्रेत आहे. हिब्रू भाषेतील ‘शामा’ हा धातूही असाच उभयार्थी आहे. ग्रीक नव्या करारातील आज्ञापालनवाचक ‘हूपाकोए’ हा शब्दही श्रवणार्थक धातूपासूनच सिद्ध झालेला आहे. ख्रिस्ती धर्मविचारातील एक जुना प्रश्न ह्या शब्दार्थात बीजरूपाने सामावलेला दिसतो. उपासनेचे विधी यथासांग पार पाडले म्हणजे ईश्वराचे ऐकले, असे होते काय?

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात ह्या प्रश्नाचे मूळ सापडते. अमालेकी लोकांचे सर्वस्व नष्ट करावे अशी आज्ञा असता शौल राजा उत्तम पशू राखून ठेवतो आणि ते यज्ञासाठी ठेवल्याचे कारण सांगतो. शमुवेल त्यास बजावतो की, यज्ञाहून आज्ञापालन श्रेष्ठ होय. येथे विधी हा अवज्ञेवरील पडदा झाला आहे. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात पुदिना, शेप व जिरे ह्यांचा दशमांश काटेकोरपणे देणारे, पण न्याय व दया विसरणारे शास्त्री येशूच्या टीकेचा विषय होतात. तथापि तेथे दशमांश सोडून द्या असे सांगितलेले नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे.

ह्या प्रश्नाचा विचार आपल्याकडेही झाला आहे. भिवंडीच्या एका अंगास वसई आहे; तेथे पोर्तुगीज अमदानीपासून ख्रिस्ती उपासनेची परंपरा नांदत आली आहे. दुसऱ्या अंगास कल्याण. तेथे रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांचे प्राथमिक शिक्षण झाले. परंतु टिळकांकडे वळण्यापूर्वी पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) ह्यांचा विचार करणे इष्ट ठरेल. कारण त्यांच्या चरित्रात हा प्रश्न प्रत्यक्ष वादाच्या रूपाने उभा राहिला.

रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. तेथील मठातील सिस्टर जेराल्डीन ह्यांना त्या प्रेमाने ‘आजीबाई’ म्हणत. परंतु दोघींच्या पत्रव्यवहारात मतभेद तीव्र होत गेले. रमाबाई शाकाहार सोडीनात, ह्यात जेराल्डीनबाईंना जात्यभिमानाचा अवशेष दिसला. क्रूसावरील लॅटिन अक्षरांऐवजी संस्कृत अक्षरे असावीत, असा रमाबाईंचा आग्रह होता. चर्चच्या अधिकाराला शरण जाणे हेच आज्ञापालन, ही एक बाजू. एका पुरोहितवर्गाचे जोखड नुकतेच टाकले असता दुसऱ्याचे पत्करणार नाही, ही दुसरी. जेराल्डीनबाईंची शंका सर्वस्वी निराधार होती असे मात्र म्हणता येत नाही. सद्सद्विवेकाच्या नावाखाली मनुष्य स्वतःचीच इच्छा पाळीत नाही, हे कशावरून ठरवावे?

ह्याचे उत्तर रमाबाईंच्याच पुढील आयुष्यात शोधावे लागते. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्यांनी कबूल केले आहे की, बाप्तिस्म्यानंतर काही वर्षे आपणास ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. विधी नाकारणे हाही एक बाह्याचारच ठरू शकतो, हे ह्या कबुलीवरून ध्यानात येते. १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराश्रित मुली व विधवांना घेऊन आल्या. केडगावच्या ‘मुक्ति’ सदनाचा विस्तार त्यातून झाला. आयुष्याच्या उत्तरार्धात हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर पुरे केले. ज्या वचनाचा अधिकार त्यांनी चर्चहून वरचा मानला, ते वचन स्वतःच्या कानांनी ऐकण्यासाठी त्यांनी घेतलेले हे कष्ट होत.

टिळकांनी हाच प्रश्न संस्थेच्या पातळीवर नेला. १८९५ साली बाप्तिस्मा घेऊन ते बरीच वर्षे अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत होते. १९१७ साली ती सोडून त्यांनी सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तानुयायी सामावले जावेत, अशी त्यांची कल्पना होती. अनुयायित्वाची कसोटी त्यांनी विधीकडून जीवनक्रमाकडे वळविली. दोनच वर्षांनी त्यांचे निधन झाल्यामुळे ह्या प्रयोगाची पुरती परीक्षा होऊ शकली नाही.

ह्या दोन्ही उदाहरणांवरून विधी निरर्थक ठरत नाहीत. रमाबाई व टिळक दोघांनीही स्वतः बाप्तिस्मा घेतला होता. विधी पाळला की मोडला, एवढ्यावरून मात्र काहीच सिद्ध होत नाही. ऐकल्यामुळे मनुष्याला आपले काय सोडावे लागले, हे पाहावे लागते. शौलाने उत्तम पशू राखून ठेवले होते. त्याचा दोष यज्ञात नव्हे, त्या राखून ठेवण्यात होता.