क्लिप बसली, तरी माणूस उठेना
(मेंदू आणि माणूस : लेखांक ६)

बंगळूरच्या होसूर रस्त्यावर, १९७४ साली उभ्या राहिलेल्या निम्हान्स संस्थेत मेंदूचं एक संग्रहालय आहे. खराखुरा मानवी मेंदू तिथे हातात घेऊन पाहता येतो. तो जड गोळा पेलताना पीयूषिका ग्रंथी मात्र कुणाला आठवत नाही. कवटीच्या तळाशी, खोगिरासारख्या खोबणीत बसणारी, वाटाण्याएवढी, जेमतेम अर्ध्या ग्रॅमची ही ग्रंथी. मेंदूतल्या रक्तस्रावानंतरही ती अशीच विसरली जाते.

बेळगाव-मिरजेकडची कुटुंबं राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्र काढून फेरतपासणीला बंगळूर गाठतात. धमनीवरचा फुगा फुटून रक्तस्राव झालेला, त्या फुग्याला क्लिप बसलेली, स्कॅन स्वच्छ. तरी घरच्यांची तक्रार ठरलेली असते : दिवसभर पडूनच असतात, आंघोळीचाही कंटाळा. मग कुणी त्याला आळस म्हणतं, कुणी धसका.

हे फुगे बहुधा मेंदूच्या तळाशी असलेल्या धमन्यांच्या कड्यावर धरतात आणि पीयूषिका त्याच्या लगेच खाली असते. हायपोथॅलॅमसचे हुकूम तिच्याकडे एका नाजूक देठातल्या बारीक रक्तवाहिन्यांतून उतरतात. फुगा फुटला की डोक्यातला दाब वाढतो. तीन-चार दिवसांनी धमन्या आकसू लागतात. या भानगडीत देठाचा रक्तपुरवठा तुटला, तर थायरॉईड, अ‍ॅड्रिनल, बीजग्रंथी सगळ्यांचीच कामं मंदावतात आणि माणूस थकून पडून राहतो.

ग्रंथी अशी निकामी होण्याची कारणं आणखीही आहेत. घोणस चावून वाचलेल्या काही जणांत आणि बाळंतपणात अतोनात रक्त गेलेल्या काही स्त्रियांत हेच घडतं, आणि ओळखायला कधी कधी वर्षं जातात.

रक्तस्रावानंतर याचं प्रमाण किती? ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या २००७ सालच्या आढाव्यात, फुगा फुटलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४७ टक्क्यांत पीयूषिकेचा काही ना काही दोष नोंदला होता. पुढच्या अभ्यासांत आकडा बराच खाली आला. काहींचा दोष महिन्यांनी आपोआप भरून आला. शिवाय थकवा नैराश्याने येतो, मोडलेल्या झोपेने येतो, फिटच्या गोळ्यांनीही येतो. हार्मोन हा त्यातला रक्त तपासून पकडता येणारा भाग.

इथे एक मेख आहे. थायरॉईडसाठी बहुतेक जण फक्त टीएसएच करून घेतात. पण थायरॉईडला चालना देणारं हे टीएसएच पीयूषिकाच बनवते. तीच थकली असेल, तर रिपोर्ट ‘नॉर्मल’ येऊनही थायरॉईड कमी असू शकतं. म्हणून सोबत थायरॉईडचं हार्मोन फ्री टी-४ हवं, अ‍ॅड्रिनलसाठी सकाळी आठच्या सुमाराचं कॉर्टिसॉल हवं, पुरुषांत टेस्टोस्टेरॉन, आणि स्त्रियांत पाळीची चौकशी.

उपचारांचा क्रमही महत्त्वाचा. कॉर्टिसॉल कमी असताना आधी थायरॉईडची गोळी सुरू केली, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. कॉर्टिसॉलची उणीव भरणारं हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड चालू असलेल्या रुग्णाला ताप आला, की डॉक्टर डोस तात्पुरता वाढवायला सांगतात. गोळी एकाएकी बंद करणं तर सर्वांत धोक्याचं. म्हणून ‘स्टेरॉइडवर आहे’ अशी चिठ्ठी पाकिटात ठेवायला सांगतात.

(पुढच्या लेखात : रक्तस्रावानंतर बिघडलेली झोप)